आग की अंधार? मोटारीतल्या फ्यूजचा इतिहास

१९५०च्या दशकातल्या एखाद्या मॉरिस किंवा एमजी गाडीचं बॉनेट उघडलं की मुठीत मावेल एवढी लुकास कंपनीची फ्यूजपेटी दिसते. आत काचेच्या नळीतले दोन फ्यूज आणि शेजारी अडकवून ठेवलेले दोन जादा फ्यूज. एका फ्यूजवर हॉर्न आणि आतला दिवा, दुसऱ्यावर वायपर, पेट्रोलचा काटा, ब्रेकचा दिवा अशी किरकोळ मंडळी. हेडलाइटची तार या पेटीतून जातच नाही. इग्निशनची जात नाही आणि सेल्फची तर नाहीच. आजच्या गाडीत फ्यूज डझनावारी असतात, म्हणून हे पाहणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं की बनवणाऱ्यांनी एकतर कंजुषी केली किंवा त्यांना पुरतं कळत नव्हतं. लुकासला ‘अंधाराचा युवराज’ म्हणण्याचा विनोद इंग्रजी बोलणाऱ्या देशांत जुना आहे, आणि या दोन फ्यूजकडे बोट दाखवून तो पुन्हा पुन्हा सांगितला जातो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. सुरुवातीच्या चाळीस-पन्नास वर्षांत मोटारीचं वायरिंग आखणाऱ्यांनी फ्यूज कुठे घालायचा याच्याइतकाच कुठे घालायचा नाही याचा विचार केला होता. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा पण अवघड होता. धावत्या गाडीत तार घासून शॉर्ट झाली तर आगीचा धोका पत्करायचा की अंधाराचा? या प्रश्नाला वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी उत्तरं मिळाली, आणि जुन्या फ्यूजपेट्या म्हणजे ती उत्तरंच आहेत.

अज्ञानाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो सर्वांत कच्चा आहे. फ्यूज मोटारीपेक्षा जुना. तारायंत्राच्या कचेऱ्या विजेच्या लोळापासून वाचवण्यासाठी वाटेत मुद्दाम बारीक तार घालावी, अशी शिफारस फ्रान्सच्या ब्रेगे यांनी १८४७ मध्येच केली होती. एडिसनने घराघरात वीज पोचवली तेव्हा फ्यूज त्या व्यवस्थेचा भाग होता आणि १८९० मध्ये त्याने त्याचं पेटंटही घेतलं. ब्रिटिश टपालखात्याचे वीजतज्ज्ञ विल्यम प्रीस यांनी तर १८८०च्या दशकात कोणत्या धातूची किती जाड तार किती प्रवाहाला वितळते याचं गणितच मांडून दिलं. त्यांच्या सूत्राप्रमाणे तारेच्या व्यासाचा दीड घात घ्यायचा आणि त्याला धातूच्या ठरावीक अंकाने गुणायचं. व्यास मिलिमीटरमध्ये धरला तर तांब्याचा अंक ८०, कथलाचा १२.८. म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार साधारण २८ अँपिअरला वितळते आणि तेवढ्याच जाडीची कथलाची साडेचार अँपिअरला. मोटारी रस्त्यावर रुळण्याआधी हे छापलेलं होतं. तेव्हा मोटारवाल्यांनी फ्यूज घातला नाही तो ठाऊक नव्हता म्हणून, हे पटण्यासारखं नाही.

मग सुरुवातीच्या गाड्यांत तो का नव्हता? कारण त्याला करायला काम नव्हतं. पहिल्या पिढीच्या मोटारीत दिवे कार्बाइडच्या गॅसचे नाहीतर घासलेटचे, हॉर्न रबरी फुग्याचा, आणि इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारायचं. वीज लागायची ती ठिणगीपुरती, आणि ती बहुधा मॅग्नेटोतून मिळायची. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत फ्लायव्हीलवर १६ चुंबकं बसवलेली होती. इंजिन फिरलं की वीज तयार, थांबलं की वीज संपली. १९१५ साली याच मॅग्नेटोवर विजेचे हेडलाइट जोडले गेले, दोन्ही दिवे एकामागोमाग एकाच वाटेवर. त्यामुळे एक बल्ब गेला की दुसराही विझायचा, आणि इंजिन हळू चाललं की उजेड मंद व्हायचा. रात्री खड्डा नीट दिसावा म्हणून चालक इंजिनाचा वेग वाढवायचा, हा प्रकार नेहमीचा होता. पण या गैरसोयीच्या पोटात एक सुरक्षा दडलेली होती. अशा मॅग्नेटोत इंजिनाचा वेग वाढला तर विजेचा दाब वाढतो, पण वेटोळ्यांचा अडथळाही त्याच्याबरोबर वाढतो, आणि प्रवाह एका मर्यादेपलीकडे जात नाही. तार बॉडीला टेकली तर दिवे विझतील, इंजिन अडखळेल, पण तार लालबुंद होऊन आजूबाजूचं लाकूड पेटणार नाही. जिथे उगमच स्वतःला आवरतो तिथे फ्यूज घालून मिळणार काय?

चित्र बदललं ते बॅटरीमुळे, आणि बॅटरी गाडीत कायमची आली ती सेल्फमुळे. डेटनमध्ये कॅश रजिस्टरच्या कारखान्यात काम केलेल्या चार्ल्स केटरिंगने १९१२ सालच्या कॅडिलॅकसाठी विजेवर सुरू होणारं इंजिन, दिवे आणि ठिणगी अशी एकत्र व्यवस्था केली. १९०९ मध्ये उभी राहिलेली त्याची डेल्को कंपनी यातूनच नावाला आली. कॅश रजिस्टरचा खण उघडायला मोटर क्षणभरच लागते, आणि क्षणभरासाठी लहान मोटरवर तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकला तरी ती तापण्याआधी काम संपतं, हे केटरिंगला तिथे कळलेलं होतं. सेल्फची मोटरही तशीच चालते: शेकडो अँपिअर, पण थोडेच सेकंद. मोटारीतल्या विजेचं सगळं शास्त्र या उष्णतेच्या हिशेबावर उभं आहे, आणि फ्यूजही त्याच हिशेबाचं अपत्य. फरक इतकाच की सेल्फच्या वाटेवर फ्यूज घालायचा तर तो इतका जाड लागेल की बाकीच्या तारा आधी जळतील. म्हणून ती वाट पहिल्या दिवसापासून मोकळी राहिली आणि तिथे फ्यूजऐवजी जाडजूड, आखूड, नीट बांधलेल्या केबलवर भरवसा ठेवला गेला. बॅटरीने आणखी एक गोष्ट केली. मॅग्नेटो इंजिनाबरोबर झोपतो, बॅटरी झोपत नाही; गाडी रात्री गॅरेजमध्ये उभी असतानाही ती शॉर्टची वाट पाहत असते.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, की सहा व्होल्टने काय जळणार? बोट लावलं तर मुंगी चावल्यासारखंही वाटत नाही. पण धक्का दाबावर अवलंबून असतो आणि आग प्रवाहावर. मोटारीच्या बॅटरीची दोन टोकं थेट जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात. शिवाय दाब कमी म्हणजे त्याच कामाला प्रवाह जास्त. ४५ वॉटचे दोन हेडलाइट बारा व्होल्टवर साडेसात अँपिअर घेतात, सहा व्होल्टवर पंधरा. म्हणजे सहा व्होल्टच्या गाडीत तारा उलट जास्त तापायच्या. त्यात कारखान्यांनी तारांची बचत केली. आधीच्या काही गाड्यांत प्रत्येक दिव्याला जाण्याची आणि परतीची अशा दोन तारा असत. पुढे परतीची तार काढून टाकून चॅसीलाच अर्थ करण्याची पद्धत रूढ झाली. तांबं वाचलं, जोडण्या निम्म्या झाल्या. पण त्याची किंमत अशी की आता गाडीचा प्रत्येक पत्रा बॅटरीचं एक टोक बनला. दोन तारांच्या गाडीत शॉर्ट व्हायला दोन्ही तारांचं आवरण सोलावं लागे, एका तारेच्या गाडीत पत्र्याच्या भोकाच्या धारेवर एकच तार घासली की पुरे. फ्यूजची खरी गरज इथून सुरू झाली.

तरीही बऱ्याच गाड्यांत पहिला फ्यूज दिव्यांच्या किंवा हॉर्नच्या तारेवर आला नाही. तो डायनॅमोवर आला, आणि त्याचं कारण माझ्या मुद्द्याला चांगलंच बळ देतं. त्या काळच्या डायनॅमोत प्रवाह आवरायला तिसरा ब्रश असे. ही युक्ती चालायची ती बॅटरी जोडलेली आहे तोवरच. बॅटरीची तार सुटली की डायनॅमोच्या दाबाला लगाम राहत नसे. बल्ब एकामागून एक उडायचे आणि शेवटी डायनॅमोची स्वतःची वेटोळी जळायची. म्हणजे कोणी भाबडेपणाने डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामध्ये फ्यूज घातला असता, तर तो उडताक्षणी त्याने डायनॅमोला मारलं असतं. म्हणून तिथे फ्यूज न घालता, डायनॅमोचं चुंबकत्व ज्या बारीक प्रवाहावर टिकतं त्या फील्डच्या वाटेवर छोटा फ्यूज बसवला गेला. बॅटरी सुटली की फील्डचा प्रवाह वाढायचा, फ्यूज वितळायचा आणि डायनॅमो मुका व्हायचा. फ्यूज चुकीच्या जागी असला तर तोच घात करतो, हे ज्यांना इतकं बारकाईने माहीत होतं त्यांनी हेडलाइटची तार विसरून मोकळी सोडली असेल, हे मानायला मन तयार होत नाही.

डेल्कोने तर फ्यूजला फाटाच दिला. १९१४-१६च्या सुमाराच्या कॅडिलॅक, ब्यूक वगैरे गाड्यांत दिव्यांच्या बटणांमागे एक सर्किट ब्रेकर असे. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे काही वेढे, त्यासमोर एक लोखंडी पट्टी आणि पट्टीवर प्रवाहाचा सांधा. नेहमीच्या प्रवाहात पट्टी हलत नसे. कुठे शॉर्ट होऊन प्रवाह २५ अँपिअरच्या आसपास गेला की गाभा पट्टीला ओढून घेई, सांधा तुटे. प्रवाह थांबताच गाभ्याची ओढ संपे, पट्टी स्प्रिंगने परत येई, पुन्हा प्रवाह, पुन्हा ओढ. असा खडखडाट सुरू होई, आणि एकदा सुरू झाला की तीन ते पाच अँपिअरसुद्धा तो चालू ठेवायला पुरत. या आकड्यांत आखणाऱ्याचं डोकं दिसतं. चालू व्हायला २५ अँपिअर, म्हणजे किरकोळ चढ-उताराने कुरकुर नाही. चालू झाल्यावर मात्र सरासरी प्रवाह तार सहन करील इतकाच. तार जळत नाही, बॅटरी रिकामी होत नाही, चालकाला कानाने कळतं की बिघाड झाला आहे. शोधायचं कसं, तर एकेक बटण बंद करत जायचं. ज्या बटणाला खडखड थांबली त्याच वाटेवर शॉर्ट. बिघडलेली वाट बंद केली की बाकीचे दिवे पुन्हा जसेच्या तसे. जादा फ्यूज जवळ बाळगायची गरज नाही, अंधारात रस्त्याच्या कडेला चाचपडणं नाही. आग आणि अंधार यांच्यात निवड न करता दोन्ही टाळण्याचा हा प्रयत्न होता, आणि मला तरी तो त्या काळातला सर्वांत हुशार वाटतो. त्याचा दोष एकच, तो महाग होता.

पैशाचा आक्षेप इथे नीट घ्यायला हवा, कारण तो अज्ञानाच्या आक्षेपासारखा पोकळ नाही. १९१९ मध्ये मॉडेल टीला सेल्फ आणि बॅटरी मिळू लागली, पण फ्यूज मिळाला नाही. १९२८ ते १९३१ या काळातल्या मॉडेल ए गाडीतही तो नव्हता. आज या गाड्या जपणारे लोक सेल्फच्या बटणापाशी बाहेरून फ्यूज बसवून घेतात. मॅग्नेटोच्या दिवसांत फोर्डची भूमिका समर्थनीय होती, बॅटरीच्या दिवसांत ती काटकसर होती आणि तसं म्हणण्यात संकोच नको. पण काटकसरीने फोर्डचं कोडं सुटतं, लुकासचं सुटत नाही. लुकासच्या पेटीत फ्यूज होते, धरणारे चाप होते, जादा फ्यूजला जागाही होती. हेडलाइटची तार त्यातून नेण्याला फारसा खर्च आला नसता. पैसे वाचवायचे असते तर हॉर्नचा फ्यूज का ठेवला आणि हेडलाइटचा का वगळला?

लुकासच्या तारांच्या रंगांत याचं उत्तर लिहिलेलं आहे. बॅटरीकडून येणारी मुख्य तार तपकिरी, तिच्यावर फ्यूज नाही. इग्निशनच्या किल्लीतून निघणारी पांढरी, तिच्यावरही नाही. तपकिरी तार फ्यूजमधून पलीकडे गेली की जांभळी होते, पांढरी तार फ्यूजमधून गेली की हिरवी. हेडलाइटची निळी मात्र थेट बटणातून निघते. म्हणजे वायरिंगचा नकाशा न पाहता, नुसत्या रंगावरून मेकॅनिकला कळावं की ही तार राखणीतली आहे की बिनराखणीची. जी गोष्ट रंग देऊन मुद्दाम वेगळी दाखवली जाते ती नजरचुकीने राहिलेली नसते. यादीही बोलकी आहे. जे थांबलं तर गाडी थांबते किंवा चालक आंधळा होतो, ते फ्यूजबाहेर. ज्याच्यावाचून गाडी घरी नेता येते, ते फ्यूजच्या आत. वायपर, हॉर्न, आतला दिवा, काटे ही सगळी नंतर आलेली उपकरणं, आणि प्रत्येक नवं उपकरण म्हणजे शॉर्ट होण्याची एक नवी जागा. हॉर्नच्या तारेने हेडलाइटला ओढून खाली नेऊ नये, हे या फ्यूजचं पहिलं काम होतं. तारेचं रक्षण दुसरं.

आता खरा जोरकस आक्षेप. अशा गाड्या जळाल्याच ना? जळाल्या. रबर आणि वर विणलेलं सुती आवरण उन्हाने, तेलाने, इंजिनच्या धगीने वीस वर्षांत भुगा होतं, आणि मग बिनफ्यूजच्या तपकिरी तारेचा स्पर्श पत्र्याला झाला की तारांची सगळी वेणी धुमसते. शिवाय एकाच मोठ्या फ्यूजवर अनेक वाटा असल्या तर तो फक्त थेट शॉर्टला उडतो. एखादी बारीक तार थोड्या जादा भाराने हळूहळू तापत असेल तर त्याला पत्ता लागत नाही. हे दोष मान्य करूनही निर्णयाचा न्याय त्याच्या काळातल्या धोक्यांवरून व्हायला हवा. रस्त्यावर दिवे नाहीत, ब्रेक जेमतेम, वळणावर चालकाला हेडलाइटवाचून काहीच दिसत नाही. अशा वेळी क्षणात येणारा काळोख जीव घेतो, तर जळती तार आधी वास आणि धूर देते, गाडी बाजूला घ्यायला काही वेळ देते. नव्या वायरिंगच्या गाडीसाठी हा हिशेब चुकीचा नव्हता. तो चुकला गाड्यांच्या आयुष्याबाबत, कारण त्या बनवणाऱ्यांच्या अंदाजापलीकडे जगल्या.

जर्मनांनी तोच प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवला. बॉशने १९१३ साली हेडलाइट, डायनॅमो आणि नियामक यांची पूर्ण व्यवस्था विकायला काढली, १९२१ मध्ये हॉर्न आणला, १९२६ मध्ये विजेचा वायपर. पुढे त्या परंपरेत चिनी मातीच्या छोट्या दांडीवर बाहेरून धातूची पट्टी बसवलेले फ्यूज रूढ झाले: पिवळा ५ अँपिअर, पांढरा ८, लाल १६, निळा २५. पट्टी उघडीच असल्याने उडालेला फ्यूज नुसत्या नजरेला दिसतो. फोक्सवागन बीटलमध्ये डाव्या आणि उजव्या हेडलाइटला स्वतंत्र फ्यूज दिलेले असत, वरच्या आणि खालच्या झोतालाही वेगळे. एक तार शॉर्ट झाली तर एक डोळा जाईल, दुसरा राहील. यात आगही टळते आणि पूर्ण अंधारही, फक्त फ्यूजची संख्या वाढते. लुकासचा ३५ अँपिअरचा फ्यूज आणि जर्मन १६चा लाल फ्यूज शेजारी ठेवून ब्रिटिशांना बेफिकीर ठरवणारे एक गोष्ट विसरतात. ब्रिटिश आकडा फ्यूज कधी उडतो ते सांगतो, जर्मन आकडा तो कायम किती वाहू शकतो ते. ३५चा लुकास कायम साडेसतरा वाहतो, म्हणजे दोघांत अंतर जवळपास नाहीच.

अमेरिकेत हेडलाइटसाठी डेल्कोचीच कल्पना स्वस्त होऊन परतली. लाइटच्या बटणातच दोन धातूंची पट्टी बसवली गेली. जादा प्रवाहाने ती तापून वाकते, दिवे विझतात, थंड झाली की पुन्हा लागतात. शॉर्ट झालेल्या गाडीचे दिवे उघडझाप करत राहतात, पण तेवढ्या उजेडात गाडी कडेला घेता येते. उपकरणांसाठी मात्र अमेरिकनांनी काचेचा फ्यूज ठेवला, आणि त्याच्याबाबतीत एक वेगळी अक्कल वापरली. एसएफई जातीच्या फ्यूजची लांबी अँपिअरबरोबर वाढते: ४चा पाऊण इंचाहून थोडा आखूड, २०चा सव्वा इंच, ३०चा त्याहून लांब. ९च्या जागी ३०चा घालू म्हटलं तर तो बसतच नाही. फ्यूज आखणाऱ्याचा शत्रू शॉर्टइतकाच तो बदलणारा माणूसही असतो, हे या मापांत गृहीत धरलेलं आहे.

हे तिन्ही पंथ मुंबईच्या रस्त्यांवर एकत्र आले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला शेवरोले जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट ११०० काढली, जी पुढे पद्मिनी झाली आणि फियाट घराण्याच्या रिवाजाप्रमाणे चिनी मातीचे फ्यूज घेऊन आली. मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली अ‍ॅम्बेसेडर लुकासच्या वळणाची. एकाच गॅरेजातल्या मिस्त्रीला तिन्ही भाषा याव्या लागत, आणि सुट्या भागांची चणचण असल्याने त्याने आपली चौथी काढली. उडालेल्या फ्यूजवर वायरीतला तांब्याचा एक तंतू गुंडाळायचा. याला सरसकट अडाणीपणा म्हणतात, पण प्रीसचं सूत्र लावून पाहा. ०.३ मिलिमीटरचा एक तंतू साधारण १३ अँपिअरला वितळतो. वायपर-हॉर्नच्या वाटेला हा फ्यूज वाईट नाही, मूळच्या ३५पेक्षा कडकच आहे. बिघडतं ते एकाऐवजी चार तंतू पिळले की, कारण तेव्हा आकडा पन्नासच्या वर जातो. आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला तर कुठलाच आकडा सांगता येत नाही. म्हणजे उस्ताद आणि हेल्पर यांच्यातला फरक फक्त तंतू मोजण्यात होता.

पुढच्या पिढीने उत्तरं एकत्र केली. प्लास्टिकच्या दोन पात्यांचा जो रंगीत फ्यूज आज सगळीकडे दिसतो, तो लिटलफ्यूज कंपनीने १९७६ मध्ये आणला. तो स्वस्त आणि लहान असल्याने प्रत्येक दिव्याला स्वतंत्र फ्यूज देणं परवडू लागलं आणि जर्मन उत्तर सर्वत्र रुळलं. बॅटरीच्या मुख्य तारेचा प्रश्न अमेरिकनांनी १९६०च्या दशकात फ्यूजिबल लिंकने सोडवला. मुख्य तारेत तिच्यापेक्षा गेजमध्ये चार माप बारीक असा तारेचा वीतभर तुकडा, न पेटणाऱ्या आवरणात. तो हेडलाइटसकट सगळ्यांच्या आधी येतो, पण इतका जाड ठेवलेला असतो की एका दिव्याच्या वाटेवरच्या शॉर्टला तिथलाच फ्यूज आधी जावा आणि लिंक उडावी ती फक्त मुख्य तारच पत्र्याला चिकटली तर. सेल्फची केबल त्याच्याही अलीकडून, थेट बॅटरीवरून निघते, आणि तिच्या वाटेवर तेव्हाही काही घातलं गेलं नाही.